आंगठा घेतला कीं दिला?



न्यायालयांत एक वृद्ध बाई साक्षीला उभी आहे अशी कल्पना करा. खरेदीखताखालीं तिच्या डाव्या हाताच्या आंगठ्याची निशाणी आहे, आणि जमीन तिच्या हातून गेली आहे. वकील विचारतात, हा आंगठा तुमचाच ना? ती म्हणते, "माझाच. पुतण्यानं घेतला." साक्ष मराठींत चालली आहे; पण प्रकरण पुढें वरिष्ठ न्यायालयांत गेलें तर हें वाक्य इंग्रजींत उतरावें लागेल. भाषांतरकाराची लेखणी येथें थबकते. त्या एका "घेतला"साठीं इंग्रजी भाषा त्याच्यापुढें निदान सहा क्रियापदें मांडते, आणि क्रियापद बदललें कीं खटल्याचें पारडेंहि बदलतें.

शाळेंत आपणांस 'करणें'चें 'करविणें' शिकवितात आणि त्याला इंग्रजींत 'मेक' म्हणतात एवढें सांगून गुरुजी मोकळे होतात. 'ही मेड हर साइन', त्यानें तिला सही करावयास लावलें. हें ऐकतांच बळजबरीचा वास येतो खरा. पण 'मेक' म्हणजे बळजबरी नव्हे. 'यू मेक मी लाफ' म्हणजे तूं मला हंसवतोस. येथें कोणी कोणाचा हात पिरगळलेला नाहीं. दोन्ही ठिकाणीं समान गोष्ट इतकीच कीं, ज्याच्याकडून क्रिया घडली त्याच्या इच्छेला कोणी विचारलेंच नाहीं. हंसूं न विचारतां येतें. बाईचा आंगठाहि न विचारतां कागदावर टेकला.

'ही हॅड हर साइन' असें लिहिलें तर चित्र पालटतें. येथें झटापट नाहीं आणि विनवणीहि नाहीं. साहेब कारकुनाकडून पत्र लिहवून घेतो, डॉक्टर रोग्याला जीभ बाहेर काढावयास सांगतो, त्यांतला हा प्रकार आहे. सांगणाऱ्याचा अधिकार इतका गृहीत असतो कीं ऐकणाऱ्याच्या इच्छेचा प्रश्न उद्भवतच नाहीं. अमेरिकेंत हा प्रयोग विशेष रुळलेला आहे. मात्र या 'हॅव'वर फार विश्वास ठेवूं नये. 'ही हॅड हिज वॉच स्टोलन' या वाक्याचा अर्थ त्यानें आपलें घड्याळ चोरविलें असा एखादा विद्यार्थी करतो. बिचाऱ्याचें घड्याळ चोरीला गेलेलें असतें. एकाच सांगाड्यांत हुकूम देणारा आणि नुकसान सोसणारा असे दोघेहि बसतात.

'गेट'चें तसें नाहीं. 'ही गॉट हर टु साइन' म्हणजे ती आधीं तयार नव्हती. मग गोड बोलणें झालें, आजारपणांत केलेल्या शुश्रूषेची आठवण झाली, कदाचित् एखादें लहानसें खोटेंहि झालें, आणि अखेर ती वळली. 'गेट'च्या पाठीशीं असे श्रम असतात. ते श्रम कोणत्या जातीचे हें मात्र तो शब्द सांगत नाहीं. तें सांगावयाचें तर 'परस्वेड' म्हणजे पटवून, 'इंड्यूस' म्हणजे लालूच दाखवून, 'कोक्स' म्हणजे लाडीगोडीनें, असे पुढचे शब्द हुडकावे लागतात.

येथें आणखी एक खोंच आहे. 'मेक', 'हॅव', 'लेट' यांच्यामागून क्रियापद उघडें येतें. 'गेट'ला मध्यें 'टु' लागतो. मला एके काळीं वाटे कीं, हा 'टु' म्हणजे दोन इच्छांमधलें अंतर असावें. जेथें मन वळवावें लागतें तेथें तो येतो. कल्पना सुरेख होती, पण 'फोर्स'लाहि 'टु' लागतो, आणि तेथें मन कोणी वळवीत नाहीं. शिवाय कर्मणि प्रयोग करतांच 'शी वॉज मेड टु साइन' असा 'मेक'मागूनहि 'टु' उगवतो. तेव्हां तो सिद्धांत मी सोडून दिला; हें पाठच करावें लागतें.

पुतण्याचा वकील यांतलें कोणतेंच क्रियापद घेणार नाहीं. तो म्हणेल, 'ही लेट हर साइन'. बाईच्याच मनांत होतें, यानें सही करूं दिली, इतकेंच. मौज अशी कीं, इंग्रजींत दिसावयास सारखे पण अर्थानें निराळे दोन 'लेट' होते. एकाचा अर्थ मुभा देणें, दुसऱ्याचा अगदीं उलट, अडविणें. शेक्सपिअरचा हॅम्लेट हा दुसरा 'लेट' वापरतो. बोलींतून तो गेला. परंतु आपल्या पासपोर्टांत राष्ट्रपतींच्या नांवें जी विनंती छापलेली असते, तींत धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊं द्यावें असें आजहि म्हटलेलें आहे. म्हणजे विनाअडथळा.

आतां कायद्याकडे वळूं, कारण तेथें हे भेद केवळ शोभेचे राहत नाहींत. १८७२ च्या करार कायद्यानें संमति बिघडविणाऱ्या गोष्टींत दोन निरनिराळ्या मानल्या आहेत. कलम १५ मध्यें 'कोअर्शन', म्हणजे दंडविधानानें मना केलेलें कृत्य करून किंवा त्याची धमकी देऊन मिळविलेली संमति. मालमत्ता बेकायदा अडकवून मिळविलेली संमतिहि त्यांतच येते. कलम १६ मध्यें 'अनड्यू इन्फ्लुअन्स', म्हणजे दुसऱ्याच्या मनावर ताबा चालविण्याजोग्या स्थितींत असून तिचा गैरफायदा घेणें. वय, आजार वा मानसिक व्यथा यांनीं दुर्बळ झालेल्या मनुष्याचा तेथें विशेष विचार केलेला आहे. दोन्हींत त्या बाईला करार रद्द ठरवून घेतां येतो. पण सिद्ध करावयाच्या गोष्टी अगदीं निराळ्या.

राज्यघटनेच्या कलम २० (३) मध्यें 'कम्पेल' हें क्रियापद योजलें आहे. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्यास भाग पाडतां येणार नाहीं. लॅटिनमध्यें या शब्दाच्या मुळाशीं गुरें एकत्र हांकण्याची कल्पना आहे. 'फोर्स'मागें बहुधा कोणाचें तरी बळ असतें. 'कम्पेल' करावयास भूक पुरते, कायदा पुरतो, सदसद्विवेकहि पुरतो. मग आरोपी कोठडींत होता एवढ्यावरून तो 'कम्पेल' झाला असें म्हणावें काय? १९६१ सालीं मुंबई राज्याच्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांच्या पीठापुढें हा प्रश्न आला. नुसत्या कोठडीवरून सक्ती सिद्ध होत नाहीं, आणि आंगठ्याचा ठसा देणें म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणें नव्हे, असा बहुमतानें निर्णय झाला. २०१० सालीं त्याच न्यायालयानें संमतीवांचून केलेली नार्को चाचणी मात्र सक्तींत मोडते असें ठरविलें. औषधानें गुंगलेला मनुष्य विरोध करीत नाहीं. तरी ती सक्तीच.

मग आपली मराठी या बाबतींत दरिद्री आहे काय? मुळींच नाहीं. आई बाळाला 'निजवते' आणि दांडगाई करणाऱ्या मोठ्या मुलाला 'निजावयास लावते', हा भेद आपण सहज करतों. पण 'करवून घेणें' आणि 'करूं देणें' यांत मराठीची नजर इंग्रजीहून वेगळ्या जागीं असते. इंग्रजी क्रियापद विचारतें, करणाऱ्याच्या इच्छेचें काय झालें? मराठीचें 'घेणें' विचारतें, लाभ कोणाच्या पदरीं पडला? "पुतण्यानं घेतला" या वाक्यानें बाईनें लाभाचा धनी दाखविला आहे. स्वतःच्या मनाविषयीं ती अजून कांहींच बोललेली नाहीं.

म्हणून शहाणा भाषांतरकार लेखणी खालीं ठेवतो आणि न्यायाधीशांच्या परवानगीनें विचारतो, "बाई, घेतला म्हणजे कसा?"

आणि ती म्हणते, "त्यानं मारलं नाहीं, धमकावलं नाहीं. आजारपणांत त्यानंच पाहिलं माझ्याकडे. मला नाहीं म्हणवेना."

'म्हणवेना'. 'म्हणणें'चें 'म्हणविणें' करणारा तोच 'व' येथें आला आहे; पण येथें कोणी दुसऱ्याकडून कांहीं करवीत नाहीं, तर आपल्याच मनाचें बळ अपुरें पडल्याचें सांगतो. व्याकरणकार याला शक्य क्रियापद म्हणतात. कलम १६ चा बराचसा आशय त्या एका शब्दांत आला. भाषांतरकार क्षणभर विचार करतो आणि लिहितो, 'आय कुड नॉट ब्रिंग मायसेल्फ टु रिफ्यूज'.