आधी शेरूची तारीख, मग आपली



हिंगण्याचा गावठी कुत्रा जर्मनीत पोहोचला कसा, हे सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून माझ्या वाट्याची चार मिनिटं शेरूलाच देतो. आपल्यापैकी अनेकांची मुलं परदेशी निघाली आहेत. घरचा कुत्रा मागे राहतो, थकलेल्या आई-वडिलांच्या स्वाधीन होतो. बहुतेकदा कारण एकच, वेळ उरलेला नसतो.

आपलं तिकीट एका दिवसात निघतं. कुत्र्याचं तसं नाही. भारतातून युरोपीय संघात न्यायचं तर आधी कातडीखाली १५ अंकी मायक्रोचिप, त्यानंतर रेबीजची लस. चिपच्या आधीची लस धरत नाहीत. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून संघाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. मिलिलिटरमागे किमान ०.५ एकक प्रतिपिंडं लागतात. ती भरली तरी रक्त काढल्यापासून ३ महिने थांबायचं. प्रतिपिंडं लशीमुळे न येता संसर्गामुळे आली असतील, तर रोग तेवढ्यात उघड व्हावा, हा हेतू. एकूण झाले चार महिने. इथे कुणाची ओळख चालत नाही.

मला दोन महिन्यांत कामावर हजर व्हायचं होतं. मी पुढे गेलो, शेरू आईजवळ राहिला. मालकाच्या आणि कुत्र्याच्या प्रवासात ५ दिवसांहून जास्त अंतर चालत नाही, म्हणून मुदत भरल्यावर त्याला न्यायला परत आलो. तोवर आई रोज त्याची भाकर पिंजऱ्यात ठेवायची. उभं राहता, वळता, आडवं होता येईल एवढा पिंजरा हवा. शेरू त्यात आपणहून झोपू लागला. झोपेचं औषध द्यावं लागलं नाही. ते देऊही नये. मग मुंबईच्या सरकारी प्राणी संगरोध केंद्राचा दाखला घेऊन आम्ही निघालो.

प्रत्येक देशाचे नियम वेगळे. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट कुत्रा घेतच नाही. कुत्रा फार म्हातारा असेल तर त्याला इथेच ठेवणं बरं, असंही डॉक्टर सांगतील. तो निर्णय विचारपूर्वक घ्या. पण वेळ नव्हता म्हणून मागे राहिला, असं होऊ देऊ नका.

मुलानं परदेशी अर्ज भरला, की त्याच आठवड्यात चिप बसवा. बूस्टर वेळेवर दिले तर रक्ताची चाचणी पुन्हा करावी लागत नाही. आणि नोकरी नाहीच मिळाली, तर बिघडलं काय? कुत्र्याला रेबीजची लस तर मिळाली!