झाशीचा बहुभाषिक वारसा

झाशीचे नाव निघाले की मराठी श्रोत्यांस राणी लक्ष्मीबाईंचे स्मरण होते आणि बहुधा स्मरण तेथेच थांबते. परंतु झाशी हे एका भाषेचे गाव कधीच नव्हते. तेथील किल्ला ओरछाचे बुंदेले राजे बीरसिंहदेव यांनी १६१३ साली बांधावयास घेतला. पुढे १७२९ मध्ये पहिल्या बाजीरावांनी महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून छत्रसालांची सुटका केली आणि बुंदेलखंडात मराठ्यांचे पाऊल रोवले गेले. पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी किल्ला वाढविला, शहर वसविले. सुभेदारांपाठोपाठ कारकून, शिपाई, भिक्षुक अशी मराठी कुटुंबे तेथे गेली व रुजली.

या नगरात घरची बोली मराठी, बाजारची बुंदेली, तर परराज्यांशी पत्रव्यवहाराची फारसी. पुण्यास जाणारे कागद मोडीत लिहिले जात. १८५८ च्या वेढ्यात राणीच्या तोफा गौसखानांनी सांभाळल्या. कोरी समाजाच्या झलकारीबाईंची आठवण बुंदेली लोकपरंपरेने जतन केली. त्याच वेढ्यात वरसईचे विष्णुभट गोडसे अडकले होते. त्यांची मराठी हकीकत ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केली. वृंदावनलाल वर्मा यांची राणीवरील हिंदी कादंबरी १९४६ ची. एकाच नगराची कथा अशी तीन वाटांनी आली. त्यांतील एक वाट बुजली तर कथा तितकी अपुरी होईल.

वाट बुजण्याचे भय निराधार नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे ५६ लक्ष लोकांनी बुंदेली ही आपली मातृभाषा सांगितली. तथापि तिची गणना हिंदीच्या पोटात झाली. महाराष्ट्राबाहेर जी मराठी घरे शिक्षण आणि व्यवहार हिंदीतून करतात, तेथे मराठीही देवघर आणि स्वयंपाकघर यांपुरती उरते. मोडी वाचणारे तर महाराष्ट्रातही विरळा. कागद शाबूत असला तरी वाचणारा नसेल, तर तो मुका होतो.

म्हणून झाशीस जाणाऱ्या मराठी माणसाने किल्ल्याचे बुरूज अवश्य पाहावेत. पण तेथील वृद्धांच्या मुखची बुंदेलीही कान देऊन ऐकावी. राणीची झाशी त्या बोलीचीही होती.