खनिजे प्रजासत्ताकाची, परवाना कोणाचा?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



झांबियाच्या खाण कायद्यात एक ठळक कलम आहे. देशातील सर्व खनिजांवरील हक्क प्रजासत्ताकाच्या वतीने राष्ट्राध्यक्षांच्या ठायी निहित आहेत, असे ते सांगते. १९६९ नंतर तो कायदा अनेकदा नव्याने लिहिला गेला, परंतु हे तत्त्व पुसण्याचे धाडस खाजगीकरणाच्या पुरस्कर्त्यांनीही केले नाही. त्यांना ते पुसण्याची गरजही पडली नाही. खनिजांचे स्वामित्व राष्ट्राकडे ठेवूनही त्यांचे सारे मोल दुसऱ्याच्या हवाली करता येते. त्यासाठी परवान्याचा प्रकार, मुदत आणि शर्ती ठरविण्याची सत्ता हाती असली म्हणजे पुरे.

खनिजाचा हक्क हा जमिनीच्या हक्काहून वेगळा असतो. सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही; महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाने भूगर्भातील खनिजांवर राज्याचा हक्क राखून ठेवला आहे. झांबियातही वरचे रान गावाचे, टोळीप्रमुखाच्या देखरेखीखालचे, आणि खालचे तांबे मात्र निराळ्याच मालकाचे, अशी स्थिती आहे. ही फारकत वसाहतवादाच्या काळात कशी झाली, हे प्रथम पाहिले पाहिजे.

सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीला १८८९ मध्ये राजसनद मिळाली. पुढच्याच वर्षी तिचा प्रतिनिधी लॉकनर याने लोझी राजा लेवानिका याच्याकडून एक करारपत्र मिळविले. वर्षाला दोन हजार पौंड देण्याचे वचन आणि त्या बदल्यात विस्तीर्ण प्रदेशातील खनिजांचा हक्क, असा तो सौदा होता. आपण ब्रिटनच्या राणीशी संरक्षणाचा तह करीत आहोत, अशी लेवानिकाची समजूत करून देण्यात आली होती. प्रत्यक्षात त्याने एका व्यापारी कंपनीशी व्यवहार केला होता. हे ध्यानात आल्यावर त्याने निषेध नोंदविला, पण कागद कंपनीच्या तिजोरीत जाऊन पडला होता. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, ज्या उत्तरेकडील भूमीत पुढे तांब्याचे अफाट साठे सापडले, जिला आज कॉपरबेल्ट म्हणजे ताम्रपट्टा म्हणतात, ती लेवानिकाच्या सत्तेखाली नव्हतीच. जे त्याचे नव्हते तेही त्याच्याकडून घेतल्याचा दावा कंपनीने केला. आपल्याकडे राजे लोक दानपत्रे तांब्यावर कोरून देत. येथे एका कागदाच्या जोरावर तांबेच उचलले गेले.

१९२४ मध्ये कंपनीने उत्तर ऱ्होडेशियाचा कारभार ब्रिटिश सरकारकडे सोपविला. रस्ते, पोलीस, कचेऱ्या यांचा खर्च तिला नको होता. खनिजांचा हक्क मात्र तिने आपल्याकडेच ठेवला. त्यामुळे निघालेल्या प्रत्येक टन तांब्यामागे स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, देशाच्या खजिन्यात न पडता लंडनच्या भागधारकांकडे जाऊ लागली. कंपनी स्वतः खाण चालवीत नव्हती, कुदळ मारीत नव्हती, यंत्र बसवीत नव्हती. निव्वळ हक्काचा खंड ती वसूल करीत होती. चौथाई वसूल करणाऱ्यालाही निदान घोड्यावर बसावे लागे! या परिस्थितीविरुद्ध ओरड वाढल्यावर १९५० च्या सुमारास तडजोड झाली ती अशी की, निव्वळ स्वामित्वधनाचा पाचवा हिस्सा वसाहतीच्या सरकारने घ्यावा आणि १९८६ पर्यंत उरलेले कंपनीने घेत राहावे.

स्वातंत्र्याचा दिवस २४ ऑक्टोबर १९६४ हा ठरला. त्याला काही तास उरले असताना कंपनीने आपले हक्क सोडले, पण तेही ४० लाख पौंड घेऊन. निम्मे ब्रिटनने दिले आणि निम्मे नव्या राष्ट्राने. स्वतःच्या भूमीतील खनिजे विकत घेऊन झांबिया स्वतंत्र झाला.

तथापि एवढ्याने प्रश्न सुटला नाही. खाणी चालविणाऱ्या दोन बलाढ्य समूहांपाशी, अँग्लो अमेरिकन आणि रोअन सिलेक्शन ट्रस्ट यांच्यापाशी, जुने हक्क कायमचे म्हणून होते. विस्तीर्ण क्षेत्र अडवून ठेवायचे आणि तेथे शोधकार्य करायचे नाही, ही त्यांची रीत होती. राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा यांनी १९६८ मध्ये त्यावर उघड टीका केली. जून १९६९ मध्ये सार्वमत घेऊन घटनेतील अडसर दूर करण्यात आला आणि ऑगस्टमध्ये माटेरो येथील भाषणात कौंडांनी खाणींचे ५१ टक्के भाग राज्याकडे घेण्याची घोषणा केली. त्या घोषणेत सर्वांच्या लक्षात राहिले ते ५१ टक्के. परंतु खाणविषयक कायद्याच्या दृष्टीने खरी क्रांती दुसरीकडे होती. कायमचे हक्क रद्द होऊन तीन पायऱ्यांचे परवाने आले: पूर्वेक्षणाचा, समन्वेषणाचा आणि उत्खननाचा. पहिल्याने खनिजाचा माग काढायचा, दुसऱ्याने साठा किती ते ठरवायचे आणि तिसऱ्याने खणायचे. खणण्याच्या परवान्याला २५ वर्षांची मर्यादा पडली. काम न करणाऱ्याचे क्षेत्र परत घेता येऊ लागले.

आपल्या चळवळीत राष्ट्रीयीकरण म्हणजे भागभांडवलाचे हस्तांतर, असे समजणारे पुष्कळ आहेत. झांबियाचा अनुभव त्यांनी मुद्दाम तपासावा. भाग घेतले तरी व्यवस्थापनाचे आणि विक्रीचे करार त्याच कंपन्यांकडे राहिले. ते मोडायला १९७३ उजाडले, आणि दोनच वर्षांत तांब्याचा बाजार कोसळला. १९६९ मध्ये सात लाख टनांवर गेलेले उत्पादन २००० पर्यंत अडीच लाख टनांच्या आसपास उतरले. सरकारी खाण कंपनीने इस्पितळे, शाळा, कामगारांची घरे चालविली हे खरे; यंत्रे जुनी होऊ दिली आणि कर्जे वाढविली हेही खरे. समाजवाद्यांनी दुसरी बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही.

मग १९९५ चा कायदा आला. त्यात परवान्यांची उतरंड शाबूत होती आणि स्वामित्वधनाचा दर ३ टक्के लिहिला होता. पण त्याच कायद्याने सरकारला एकेका कंपनीशी ‘विकास करार’ करण्याची मुभा दिली. १९९७ ते २००० या काळात खाणी विकल्या गेल्या तेव्हा हे करार बंद दाराआड झाले आणि त्यांत तो दर ०.६ टक्क्यावर आला. शिवाय पंधरा ते वीस वर्षे करांत बदल करणार नाही, अशी हमी सरकारने दिली. म्हणजे संसदेने केलेला कायदा एका दप्तरात आणि प्रत्यक्ष लागू असलेला करार दुसऱ्या दप्तरात! २००३ मध्ये टनाला दोन हजार डॉलरांच्या आत असलेले तांबे २००६ मध्ये आठ हजारांपलीकडे गेले, तरी झांबियाचा वाटा हजार डॉलरांच्या मालामागे सहा डॉलर असाच बांधलेला राहिला. राष्ट्राध्यक्ष म्वानावासा यांच्या सरकारने २००८ मध्ये नवा कायदा करून ते करार निष्प्रभ ठरविले, ३ टक्के दर सर्वांना लागू केला आणि तेजीच्या नफ्यावर वेगळा कर बसविला. त्याच वर्षी म्वानावासा निवर्तले. तेजीवरचा कर पुढच्याच वर्षी रद्द झाला.

२०१५ च्या कायद्यातील परवान्यांची रचना वर्गीय दृष्टीने वाचण्यासारखी आहे. क्षेत्र मोजण्याचा एकक सुमारे ३.३४ हेक्टरांचा. हाताने खणणाऱ्या कारागिराला असे फार तर दोन एकक मिळत, आणि मुदत दोन वर्षे. लहान खाणीला सुमारे चारशे हेक्टरांपर्यंत क्षेत्र आणि दहा वर्षे. मोठ्या खाणीला २५० चौरस किलोमीटरांपर्यंत क्षेत्र आणि २५ वर्षे. कारागिराचा हक्क केवळ झांबियाच्या नागरिकांसाठी किंवा त्यांच्या सहकारी संस्थांसाठी राखीव होता. ही तरतूद चांगलीच, पण दोन वर्षांच्या कागदावर बँक कर्ज देत नाही आणि कर्जावाचून आधाराचे खांब उभे राहत नाहीत, पाणी उपसणारा पंप येत नाही. त्यातच अर्जांचा निकाल ‘जो प्रथम येईल त्याला प्रथम’ या नियमाने. हा नियम कानाला निःपक्षपाती वाटतो. परंतु ज्याच्यापाशी भूगर्भाचे नकाशे, वकील आणि लुसाकात कचेरी आहे, तो प्रथम येणारच. वर राहणाऱ्या गावाची लेखी संमती लागे, पण ती अवाजवी रीतीने नाकारली असे म्हणून प्रकरण लवादाकडे नेण्याची वाट खुली होती.

या कथेशी भारताचा, विशेषतः गोव्याचा, संबंध आहे. चिंगोला येथील कोंकोला कॉपर माइन्स ही कंपनी २००४ मध्ये वेदांत समूहाने घेतली. ५१ टक्क्यांसाठी अडीच कोटी डॉलर मोजले. त्याच समूहाने २००७ मध्ये सेसा गोवा घेतली. गोव्यातील खाणी मुळात पोर्तुगीजांनी दिलेल्या कायमच्या सवलतींवर चालत. १९८७ च्या कायद्याने त्यांचे मुदतीचे खाणपट्टे झाले, ते २००७ मध्येच संपले असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला, आणि पुन्हा केलेली नूतनीकरणे २०१८ मध्ये रद्द ठरविली. वसाहतीचा कायम हक्क मोडून मुदतीचा परवाना आणण्याचा झगडा दोन्हीकडे एकच आहे.

काफुए नदीच्या प्रदूषणाविरुद्ध चिंगोलाच्या परिसरातील अठराशेहून अधिक ग्रामस्थांनी थेट लंडनमध्ये दावा लावला. मूळ कंपनीविरुद्ध तेथे खटला चालू शकतो, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले. २०२१ मध्ये, कंपनीने दायित्व न स्वीकारता, तडजोड झाली. २०१९ मध्येच झांबियाच्या सरकारने कोंकोला अवसायकाच्या ताब्यात दिली होती. पुढे सरकार बदलले आणि २०२४ मध्ये ती पुन्हा वेदांतकडे गेली. त्याच वर्षाअखेर खाणींच्या नियमनासाठी स्वतंत्र आयोग नेमण्याचा कायदा झाला. त्या आयोगापुढे कारागिरांच्या सहकारी संस्थांना किती वर्षांचा कागद मिळतो, इकडे तेथील कामगार संघटनांनी आणि आपणही लक्ष ठेवले पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये याच चिंगोलाजवळ सेसेली येथे मुसळधार पावसात उघड्या खाणीची कड ढासळली आणि तीसहून अधिक माणसे चिखलाखाली अडकली. ती तांब्याचे दगड वेचायला उतरली होती. त्यांच्यापाशी कोणत्याच प्रकारचा परवाना नव्हता.