गाडी कुणाच्या नावावर?

(ज्येष्ठ स्त्रियांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मोटारीचा विमा हा विषय बायकांच्या मेळाव्यात कशाला, असं दोघीतिघींनी मघाशी विचारलं. प्रश्न रास्त आहे. आपल्यातल्या बहुतेकजणी एस.टी.नं आणि लोकलनं आल्या आहेत. पण निवृत्त शिक्षिका, नर्स, बँकेत नोकरी केलेल्या बायका आज स्वतः गाडी चालवतात. शिवाय नवऱ्याच्या मागे दारात उभी राहिलेली गाडी अनेकींच्या वाट्याला येते. घर, शेत, पासबुक यांवर नाव कुणाचं, हा प्रश्न आपण इतकी वर्षं विचारत आलो. तोच आज गाडीला लावून बघू.

साठी उलटली की हप्ता वाढतो का, हे आधी सांगते. दुसऱ्याच्या जिवाचं किंवा मालमत्तेचं नुकसान भरून देणारा जो विमा, ज्याला आपण थर्ड पार्टी म्हणतो, तो १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवतं आणि तो इंजिनाच्या क्षमतेवर असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७, कर वेगळा. चालवणारी पंचविशीतली की सत्तरीतली, याला इथे जागा नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र वेगळा. त्याचे दर २००७ पासून कंपन्या स्वतः ठरवतात. म्हणून एकाच एजंटाच्या तोंडच्या आकड्यावर थांबू नका, दोनतीन कंपन्यांचे आकडे घ्या.

वयापेक्षा जास्त फरक पडतो तो नावानं. आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या एका बाईंची हकीकत सांगते. वय सहासष्ट. नवऱ्याची दृष्टी अधू झाली म्हणून त्याला दवाखान्यात नेणं-आणणं पाच वर्षं यांनीच केलं. गाडी नवऱ्याच्या नावावर, पॉलिसी नवऱ्याच्या नावावर. अपघात झाला आणि यांचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. गाडीच्या दुरुस्तीचे पैसे आले. पायाचे आले नाहीत.

असं का? पॉलिसीबरोबर पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा येतो. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर त्यातून पैसे मिळतात. एक पाय गेला तर निम्मे. पण तो ‘मालक-चालका’चा असतो. आर.सी. बुकावर नाव त्याचं, पॉलिसीत नाव त्याचं आणि लायसन्सही चालू असलेलं, या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हव्यात. इथे चालक बायको, मालक नवरा आणि नवऱ्याचं लायसन्स केव्हाच संपलेलं. म्हणजे या विम्याचा उपयोग दोघांपैकी कुणालाच नव्हता, आणि हप्ता मात्र दरवर्षी जात होता. कंपनीनं नियमाप्रमाणेच केलं. पाच वर्षांत त्या घरात कुणी एजंटाला विचारलं नाही, आणि एजंटानं बाईंना एवढंच सांगितलं होतं, “काकू, तुम्ही फक्त साहेबांची सही आणा.”

तेव्हा गाडी प्रत्यक्ष तुम्ही चालवत असाल, तर ती तुमच्या नावावर करून घेण्याचा विचार घरात मांडा. ते जमत नसेल तर नाव घालून घेतलेलं जादा अपघात संरक्षण थोड्या पैशांत मिळतं का ते विचारा. त्याची रक्कम पंधरा लाखांपेक्षा बरीच कमी असते, पण काहीच नसण्यापेक्षा बरी. गाडी तुमची आणि चालवायला पगारी माणूस असेल, तर त्याच्यासाठीची जबाबदारी आणि मागे बसणाऱ्यांचं अपघात संरक्षण पॉलिसीत आहे का ते बघा.

दुसरी गोष्ट लायसन्सची. पंचावन्न वर्षांनंतर लायसन्सचं नूतनीकरण पाचच वर्षांसाठी होतं आणि डॉक्टरचा दाखला लागतो. मुदत संपण्याआधी वर्षभर अर्ज करता येतो. मुदत संपून वर्ष उलटलं, तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. संपलेल्या लायसन्सवर गाडी चालवली आणि अपघात झाला, तर दावा अडतो. नवऱ्याच्या आजारपणात स्वतःच्या कागदांकडे बघायचं राहून जातं, म्हणून ही तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा.

तिसरी गोष्ट, नवरा गेल्यानंतरची. मालकाच्या मृत्यूनंतर पॉलिसी लगेच रद्द होत नाही. ती तीन महिने, किंवा आधी मुदत संपत असेल तर तोपर्यंत, चालू राहते. तेवढ्या काळात वारसानं मृत्यूचा दाखला आणि कागद देऊन ती आपल्या नावावर करून घ्यायची असते. आर.टी.ओ.ला तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी नावावर करण्याचा अर्ज द्यायचा. दिवसकार्य, पेन्शनची धावपळ, मुलांची ये-जा यांत हे तीन महिने कसे जातात ते आपल्याला ठाऊक आहे. २०२१ पासून आर.सी.वर वारसाचं नाव आधीच नोंदवता येतं. ते आजच करून ठेवा. आणखी एक. नवऱ्यानं वर्षानुवर्षं दावा न केल्यानं साठलेला नो क्लेम बोनस, जो नुकसानीच्या हप्त्यात पन्नास टक्क्यांपर्यंत सूट देतो, तो गाडी वापरणाऱ्या पत्नीकडे येऊ शकतो. तो मागून घ्या. आपणहून कुणी देईल याची वाट बघू नका.

आता कोणता विमा घ्यावा? गाडी जुनी असेल तर तिची विम्यातली किंमत दरवर्षी घटते, आणि नुकसान झालं की प्लॅस्टिक, रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. मग काहीजणी फक्त थर्ड पार्टी ठेवतात. स्वतःच्या गाडीचं नुकसान पेन्शनमधून सोसता येत असेल तर हरकत नाही. पण मैत्रिणींना घेऊन भजनाला, लग्नाला जात असाल तर जपून. नुसत्या सक्तीच्या विम्यात तुमच्या गाडीत बसलेल्यांची भरपाई सहसा येत नाही, संपूर्ण म्हणजे पॅकेज पॉलिसीत येते. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये हा फरक स्पष्ट केला आहे. गाडी महिन्यातून चारदाच बाहेर निघत असेल, तर २०२२ पासून किलोमीटरप्रमाणे हप्ता घेणारे प्रकारही आहेत, ते विचारा.

दावा नाकारला तर कंपनीकडून लेखी कारण मागा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथं दाद लागली नाही तर विमा लोकपाल आहे. मुंबईला आणि पुण्याला त्याची कार्यालयं आहेत. तिथं फी नाही, वकीलही लागत नाही.

शेवटी एक विनंती. पुढच्या बैठकीला येताना, गाडी असलेल्या प्रत्येकीनं पॉलिसी, आर.सी. आणि लायसन्स आणावं. तिन्ही कागद शेजारी ठेवू आणि त्यांवरची नावं नि तारखा जुळतात का ते बघू. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही यावं. बारीक अक्षर वाचायला दोघी असलेल्या बऱ्या, आणि आर.टी.ओ.च्या खिडकीवर जाताना तर नक्कीच.