नाताळची शीट आणि एक रिकामा रकाना

आवाज येतोय ना नीट? मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या. आमच्या घरात स्टुडिओ आणि किचन यांच्यामध्ये फक्त एक पडदा आहे.

मी नायगावात राहते, बीडीडी चाळीत. दादरचं नायगाव हं, वसईच्या अलीकडचं नाही. हे मला आठवड्यातून दोनदा तरी कुणाला तरी सांगावं लागतं. परवा टुटीफ्रुटी आणि बेकिंग पावडर मागवली, तर डिलिव्हरीवाल्या दादाचा फोन, "मॅडम, स्टेशनबाहेर उभा आहे. पूर्वेला येऊ की पश्चिमेला?" म्हटलं, दादा, आमच्या नायगावला स्टेशनच नाहीये.

तर नाताळ. यंदा नगरहून आत्या येतेय. ती, काका, दादा-वहिनी आणि त्यांचा छोटा. म्हणजे पाच. आम्ही चार. नऊ माणसं आणि १६० चौरस फूट. झोपायची सोय शेजारच्या काकूंनी केलीय, चाळीत तो प्रश्न कधीच नसतो. प्रश्न जेवणाचा आहे. मी इंजिनिअर, मग काय, शीट उघडली. पदार्थ, कोण करणार, कधी, कुठल्या शेगडीवर. शेगड्या दोनच आहेत. पंचविसाला चर्चमधून यायला अकरा वाजणार, म्हणजे मटण आदल्या रात्रीच शिजवून ठेवायचं आणि सकाळी फक्त बिर्याणीला दम द्यायचा. मटण साडेतीन किलो, कारण शेजारी ताटं जाणार. यंदा पंचवीस तारीख गुरुवारी आलीय, पण मार्गशीर्ष त्याआधीच संपला, त्यामुळे बरेच जण खाणार. वर्षभर गुरुवार पाळणाऱ्या दोन घरी नुसता फराळ आणि केक.

केकची वेगळीच कटकट. आम्ही दरवर्षी पीठ घरी कालवून बेकरीत भाजायला द्यायचो. डबा डोक्यावर घेऊन जायचा, चिठ्ठी लावायची, संध्याकाळी आणायचा. जानेवारीत हायकोर्टाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलायला सांगितलं. हवेसाठी ते बरोबरच आहे, माझं काही म्हणणं नाही. पण आमच्या बेकरीवाल्या चाचांनी नवी भट्टी घेतली ती लहान आहे, बाहेरचे डबे घेत नाहीत. म्हणून आता घरी ओटीजी. तो लावला की फ्रिज बंद करायचा, नाहीतर फ्यूज उडतो.

हे सगळं शीटमध्ये बसलं. एक रकाना राहिला: करंज्या.

आमच्याकडे नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या सगळं असतं, तुमच्या दिवाळीसारखं. आणि करंज्या कायम आत्याच्या. स्टीलचा मोठा डबा भरून आणायची. मग आमची खोली आजोबांच्या नावावरून पप्पांच्या नावावर करायची वेळ आली. रिडेव्हलपमेंटमध्ये ५०० चौरस फुटांचं घर मिळणार, त्यासाठी वारसांच्या सह्या लागतात. आत्याने सही केली. पण पप्पांनी कागद कुरियरने पाठवले होते. "मी काय परकी आहे का, कागद पाठवून सही घ्यायला?" एवढंच म्हणाली. २०२३ ला आली नाही, २०२४ ला पण नाही. आणि त्या दोन्ही वर्षी मम्मीने सगळा फराळ केला, करंज्या सोडून.

ऑगस्टमध्ये वरळीच्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या. टीव्हीवर ते बघून आत्याचा पप्पांना फोन, "आपलं कधी?" आपलं म्हणाली ती. पप्पा त्या दिवशी दोनदा दाढी करायला बसले.

आता रकान्यात लिहायचं काय? आम्ही करंज्या केल्या तर तुझी गरज नाही असं होतं. नाही केल्या आणि तिनेही नाही आणल्या, तर ताटात ती जागा सगळ्यांना दिसणार. मी म्हटलं, विकत आणू? मम्मी म्हणाली, "विकतची करंजी ठेवलीस, तर ती जे समजायचं ते समजेल." आमच्या ऑफिसात याला मर्ज कॉन्फ्लिक्ट म्हणतात, पण तिथे निदान सीनियरला विचारता तरी येतं.

पप्पा फोन करेनात, मम्मी करेना. शेवटी काल रात्री गॅलरीत जाऊन मीच लावला. "आत्या, सारणात खसखस किती घालतेस?"

बराच वेळ काही नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"तू कशाला करतेस? तुला नाही जमायच्या. आणि तुझ्या आईचं मोहन कमी पडतं, कडक होतात."

मोहनाचं मी मम्मीला सांगितलं नाही. म्हणजे आत्तापर्यंत तरी. मम्मी, तू हा एपिसोड ऐकू नकोस.

मी आत येऊन म्हटलं, आत्या करंज्या आणतेय. मम्मी कणीक मळत होती. "किती?" विचारलं नाही म्हटलं. "मग वरचा मोठा डबा काढ आणि घासून ठेव."

पप्पांनी स्टूल आणलं.

बरं, ओटीजीची घंटी वाजली, मी पळते. फ्रिज पण परत लावायचाय.