बेडूक गिळणारा माणूस

खोट्या स्तुतीसाठीं इंग्रजी भाषेंत शब्दांची वाण नाहीं. एखाद्याला 'बटर अप' करणें म्हणजे आपल्याकडील 'लोणी लावणें'. परंतु या सर्वांत 'टोडी' हा शब्द निराळा आहे. त्याचें मूळ पाहिलें म्हणजे खुशामतीचा सारा व्यवहारच उघडा पडतो.

सतराव्या शतकांत इंग्लंडांतील जत्रांतून भोंदू वैद्य चौथऱ्यावर उभे राहून औषधें विकीत. त्यांच्याबरोबर एक नोकर पोरगा असे. इंग्रजींत ज्याला 'टोड' म्हणतात, तो खरबरीत कातडीचा बेडूक हा पोरगा सर्वांदेखत गिळी, निदान गिळल्याचें सोंग करी. हा प्राणी प्राणघातक विषारी अशी तेव्हां समजूत होती. मग वैद्यबुवा आपलें औषध पाजून तें विष उतरवून दाखवीत, आणि थक्क झालेले लोक औषध विकत घेत. त्या पोराला नांव पडलें 'टोड-ईटर', म्हणजे बेडूकखाऊ.

अठराव्या शतकांत हें नांव श्रीमंतांच्या आश्रयाला राहणाऱ्या गरीब माणसांना चिकटलें. सेरा फील्डिंग या लेखिकेच्या 'डेव्हिड सिंपल' या १७४४ सालच्या कादंबरींत या शब्दाचा उलगडा केलेला आहे. पोटासाठीं पराधीन झालेल्या माणसाला धन्याच्या मर्जीखातर किळसवाणी गोष्टही गिळावी लागते, असा त्याचा आशय. पुढें एकोणिसाव्या शतकांत हा शब्द आखडून 'टोडी' झाला. तो नाम म्हणून येतो, तसाच क्रियापद म्हणूनही येतो. ब्रिटिश अमलांत तो आपल्याकडेही रस्त्यावर उतरला. सरकारधार्जिण्या मंडळींना उद्देशून 'टोडी बच्चा, हाय हाय' ही घोषणा स्वातंत्र्याच्या चळवळींत दुमदुमली. ती देणाऱ्या कित्येकांना त्या शब्दांतील बेडकाची दादही नसेल!

शब्द वापरतांना मात्र तारतम्य हवें. गोड बोलणारा प्रत्येक मनुष्य टोडी नव्हे. गुणी माणसाचे गुण गाणारा तर मुळींच नव्हे. स्वार्थासाठीं जो स्वतःचा मान गहाण टाकतो, त्यालाच हें नांव शोभतें. मराठींत याला अगदीं जुळणारा प्रयोग 'थुंकी झेलणें' हा होय. 'हरभऱ्याच्या झाडावर चढविणें' यांत फजिती होते ती स्तुती ऐकणाराची; कारण तें रोप वीतभर उंच, आणि त्यावर चढणारा खालींच येणार. 'थुंकी झेलणें' आणि 'टोडी' यांत मात्र कमीपणा येतो तो स्तुती करणाराला.

परंतु त्या जत्रेंत एक तिसराही मनुष्य होता, आणि त्याची आठवण सहसा कोणी करीत नाहीं. पोराला भाकरी मिळे, वैद्याला पैसा मिळे. नुकसान होई तें औषध घेऊन घरीं जाणाऱ्या रोगकऱ्याचें. घरच्या आजाऱ्याला तें पाजून तो गुण येण्याची वाट पाहत बसे. कचेरींत साहेबाच्या चुकीच्या हुकुमाला 'वाहवा' म्हणणारा कारकून, किंवा पुढाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारा अनुयायी, यांच्याविषयीं हेंच म्हणतां येईल. तो साहेबाला फसवितो हें तर खरेंच. पण त्या हुकुमाचें फळ ज्यांना भोगावें लागतें, तीं माणसें त्या दालनांत हजरही नसतात.

तेव्हां सारा दोष बेडूकखाऊवर लादणेंही न्यायाचें नाहीं. तो बिचारा पुष्कळदां उपाशी असतो. त्याच्यापुढें बेडूक धरणारा हात धन्याचा असतो. ज्याच्या हाताखालीं चार माणसें आहेत, त्यानें एवढेंच पाहावें कीं, गेल्या वर्षभरांत त्यांपैकीं कोणी आपल्याला तोंडावर 'हें चुकतें आहे' असें म्हटलें काय? कोणीच म्हटलें नसेल, तर आपण फार शहाणे आहों असें समजण्यापूर्वीं आपल्या चौथऱ्याकडे एकवार खालीं पाहावें.