परक्या देशातील चवीचे ऋण

(उत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा सारांश)



परदेशात राहून आलेल्या माणसाला आपण विचारतो, "तिकडे जेवणाचे हाल झाले असतील ना?" मला आज उलट सांगायचे आहे. मला तिकडच्या जेवणाची अजून आठवण येते.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत-सोव्हिएत करार झाला आणि आपल्या शेजारी भिलाईचा कारखाना उभा राहिला. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्या नात्याने इथले कितीतरी अभियंते प्रशिक्षणासाठी तिकडे गेले. १९८४ साली मीही सहा महिने नीपर नदीकाठच्या झापोरोझ्ये या पोलादनगरीत होतो.

शाकाहारी माणूस, त्यात भाषा येत नाही. मी दोनच शब्द पाठ केले होते, "बेझ म्यासा", म्हणजे मांसाशिवाय. कँटीनमधल्या आजीबाईंनी ते लक्षात ठेवले. माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात बोर्श्च शिजू लागले. बीट, कोबी, बटाटा, गाजर यांचे ते लालभडक आंबटगोड सार. वर स्मेताना, म्हणजे आंबवलेली घट्ट साय, आणि चिरलेला शेपू! घरी शेपूच्या भाजीला नाक मुरडणारा मी, तिथे शेपूच्या वासाने घरी पोचायचो. सोबत राय धान्याचा काळा, किंचित आंबूस पाव.

दुसरा पदार्थ ग्रेच्का. हे आपले कुट्टू. आपल्याकडे उपवासाला त्याचे पीठ वापरतात, तिकडे अख्खे दाणे भाजून मोकळे शिजवतात आणि वर लोणी घालतात. गंमत म्हणजे ते आपल्या छत्तीसगढमध्येच पिकते. १९६२-६३ च्या सुमारास सरगुजातील मैनपाटला तिबेटी निर्वासित वसले. त्या पठारावर आज 'टाऊ' नावाने त्याची शेती होते. तिथून सोललेले दाणे आणून मी शिजवले. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, ही तर भगरीची थोरली बहीण!"

बोर्श्चही घरी होते. बीट, कोबी, शेपू सगळे गुढियारीच्या बाजारात मिळते. साय नसली तर घट्ट दही चालते. फक्त काळ्या पावाची चव ज्वारीच्या भाकरीवर भागवावी लागते.

ज्या देशात मी जेवलो तो सोव्हिएत संघ १९९१ मध्ये संपला. ते शहर आता युक्रेनमध्ये असून त्याला झापोरिझ्झिया म्हणतात. २०२२ पासून त्यावर क्षेपणास्त्रे पडत आली आहेत. १ जुलै २०२२ रोजी युनेस्कोने युक्रेनी बोर्श्चची पाककला तातडीने जपण्याच्या वारशांच्या यादीत घेतली. कारण उघड आहे. माणसे गाव सोडून पांगली की शेतीही सुटते आणि एकत्र रांधणेही सुटते.

आपल्या पूर्वजांनीही गाव सोडले. पुरणपोळी इथे आणली आणि इथला चीला-फरा आपलासा केला. आज आपली मुले देशोदेशी आहेत. ती सुटीवर आली की पोटभर श्रीखंड जरूर वाढा, पण एवढेही विचारा, "तिकडे तुला प्रेमाने कोणी जेवू घातले? काय घातले?" आणि तो पदार्थ एकदा आपल्या स्वयंपाकघरात करून पाहा. अन्नदात्याचे ऋण पैशाने फिटत नाही, आठवणीने थोडे हलके होते.